बोटीवर जेवायचं ठरलं होतं

विहीणबाई,

काल तुमच्या तेराव्याला जेवून आले. पानात वडे होते, काळ्या वाटाण्याची उसळ होती, खीर होती. खीर पातळ झाली होती. तुमच्या सुनेला मी तसं बोलले नाही. तुम्ही असतात तर तुम्हीच तिला चारचौघांत सांगितलं असतंत.

गेल्या नऊ वर्षांत तुमच्या घरी मी कितीदा जेवले त्याला गणती नाही. मी मुलाची आई, म्हणून मला पाट, पाटाभोवती रांगोळी, पहिलं पान. तुम्ही माझ्या घरी एकदाच जेवलात. आणि त्या दिवशी तुम्ही माझ्याच घरी जेवलात की आणखी कुठे, तेच मला कळेनासं झालंय.

मी चौथी शिकलेली. पत्र लिहायची सवय आहे, मुंबईला मुलाला लिहिते. गाय व्याली, विहिरीचा रहाट मोडला, एवढंच त्यात असतं. हे तसलं नाही. कसलं आहे ते मलाही ठाऊक नाही. तुम्हाला वाचता येत नव्हतं आणि आता तर तोही प्रश्न राहिला नाही, तरी लिहिते.

लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, ही रीत माझ्या आईनेही पाळली. पण मला वर्षाच्या आत मुलगा झाला, तेव्हा आईला ती फार दिवस पाळावी लागली नाही. हल्ली शहरात कुणी विचारत नाही. लेकीच्या घरी जातात, महिना महिना राहतात, पंख्याखाली बसून चहा पितात. तुम्ही मात्र धरून बसलात. खाडीपलीकडून तरीच्या होडीने यायचात, धक्क्यावरून माझ्या घरापर्यंत अर्धा कोस चढण चढायचात, लुगडं घामाने भिजलेलं. मी पाण्याचा तांब्या पुढे करायची. तुम्ही त्याला नुसता हात लावून तो बाजूला ठेवायचात. मग लेकीशी दोन शब्द बोलून शेजारी पार्वतीकडे जायचात आणि तिच्याकडचं पाणी घटाघटा प्यायचात. माझ्या पडवीतून ते सगळं दिसायचं.

पार्वती मला येऊन सांगायची, तुझी विहीण आज माझ्याकडे दोन भाकऱ्या खाऊन गेली, तिला माझी लसणीची चटणी फार आवडते. आवडणारच. माझी तुम्ही कुठे खाल्ली होतीत?

पहिली दोन-तीन वर्षं मला त्याचं काही वाटलं नाही. मूल आज ना उद्या होईल, मग ह्या बाईला वाढून वाढून बेजार करीन, असं मनात होतं. चौथ्या वर्षी वाटायला लागलं. पाचव्या वर्षी तुम्ही माझ्या ओटीवर बसून सुपारी कातरत म्हणालात, "जावई तिकडे, लेक इकडे. मूल काय मनिऑर्डरीने येणार, विहीणबाई?"

तुमची लेक सुनंदा आत होती. तिने हातातलं पातेलं आपटलं. मी तुम्हाला म्हटलं की मुलाच्या खोलीवर गाववाली दहा माणसं राहतात, पाळीपाळीने झोपतात, तिथे तुमच्या लेकीला काय खुंटीला टांगून ठेवू? तुम्ही हसलात. मग मीही हसले. आपली भांडणं अशी हसण्यावर जायची. त्यामुळे एकही धड संपलं नाही.

मग दोन वर्षांपूर्वी मुलाने स्वतःची खोली घेतली. लहान आहे, पण दार लावलं की आपली. तसं त्याचं पत्र आलं तेव्हाच मी सुनंदाला पाठवायला हवं होतं. नाही पाठवलं. कारण सांगते, आता झाकून काय करू. माझे गुडघे गेलेत. लावणीला, झोडणीला, गुरांना मला दोन हात हवे होते आणि ते सुनंदाचे होते. मी तुम्हाला त्या खोलीचं सांगितलंही नाही. सुनंदाने सांगितलं असेल का? तुम्ही मला कधी विचारलं नाहीत. म्हणून मी समजत होते, तुम्हाला ठाऊक नाही.

बोटीचं तुम्हीच काढलंत. फाल्गुन होता, शिमगा नुकताच झाला होता. माझ्या अंगणातून समुद्र दिसतो. बोट बंदराकडे वळताना दिसली, तुम्ही हाताचा आडोसा करून बघत बसलात.

"ती बोट कुणाची?"

"कंपनीची."

"तिच्यावर जेवायला मिळतं म्हणतात."

"मिळतं."

तुम्ही जरा वेळ सुपारी चघळलीत. "कंपनीला काय मी लेक दिलेली नाही," म्हणालात. "तिथे आपण दोघी एका पंगतीला जेवू."

मला ती थट्टा वाटली. पुढच्या आठवड्यात तुम्ही परत आलात आणि ओटीवर टेकायच्या आधी विचारलंत, मग कधी जायचं?

आपल्याकडे बोटीने सगळेच जातात, पण कामाने जातात. कुणी नोकरीला, कुणी लग्नाला, कुणी मयताला. पार्वतीने मला विचारलं, कुणाचं लग्न आहे? म्हटलं, नाही. बाळंतपण? नाही. मग कुणी आजारी आहे? तेही नाही. मग कशाला चालल्यात? जेवायला, म्हटलं. तिने सगळ्या पाखाडीत घरोघर सांगितलं की ह्या दोन म्हाताऱ्या भात खायला समुद्रात चालल्या. महिनाभर लोक मला बघून हसत होते. मलाही ते वेडेपणाचंच वाटत होतं. पण खरं सांगते, बरं वाटत होतं. साठी उलटली तरी कामाशिवाय मी कुठे गेले नव्हते. माहेरीसुद्धा गेले ती कापणीला.

मुलाला पत्र टाकून बोटीचं पत्रक मागवलं. गुळगुळीत कागद, वर पांढऱ्या बोटीचं चित्र. तुम्ही यायचात तेव्हा मी चष्मा लावून ते मोठ्याने वाचायची. लोअर डेक, अपर डेक, केबिन. पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोघींना काही कळलं नाही. दुसऱ्या वेळी सुनंदाने सांगितलं की लोअर म्हणजे खाली, अपर म्हणजे वर आणि केबिन म्हणजे खोली. केबिन तुम्ही लगेच कापलीत. खोलीतच बसायचं तर घर काय वाईट आहे, म्हणालात.

मग वर की खाली, त्यावर आपले दोन महिने गेले. मी म्हणत होते वर. वारा लागेल, किनारा दिसेल, माणसांची खेचाखेच नाही. तुम्ही म्हणत होतात खाली. खाली बोट कमी हलते, चटई पसरून ऐसपैस बसता येतं, बोलायला माणसं मिळतात. वर काय, सगळे पुढारी आणि मास्तर, कुणी कुणाशी बोलणार नाही. आणि विहीणबाई, तुम्हाला त्या शिडीवरून वर चढवायचं म्हणजे कंपनीला चार खलाशी लावायला लागतील. माझ्या अंगावरून बोलायची तुमची ती सवय शेवटपर्यंत गेली नाही.

कुठे जायचं, त्याचं तर विचारूच नका. मी म्हणत होते गोवा. देवळं आहेत, कुणी ओळखीचं नाही, दोन दिवस हिंडू आणि येऊ. तुम्ही म्हणत होतात मुंबई. मी म्हटलं, मुंबईत काय बघायचं, निम्मा जिल्हा तिकडेच आहे, उतरल्या उतरल्या कुणीतरी विचारील, आंबे आणले काय? तुम्ही ऐकून घ्यायचात आणि म्हणायचात, मुंबई. मध्येच मी म्हटलं की बोटीत बसायचाच हट्ट असेल तर विजयदुर्गापर्यंत जाऊ आणि एस.टी.ने परत येऊ. त्यावर तुम्ही फार सरळ तोंड करून म्हणालात की विजयदुर्ग फार जवळ, जेवण व्हायच्या आत उतरायला लागेल.

डब्याचं तिसरं. मी म्हटलं, कंपनीचं कसलं असेल कुणास ठाऊक, मी घरून भात-पिठलं करून घेते. तुम्ही मान हलवलीत. तुमच्या चुलीवर शिजलं ते तुमच्या घरचं, मग ते समुद्रात न्या नाहीतर आभाळात. मी चिडले. म्हटलं, मग तुम्ही आणा घरून, मी खाते, मला काही बंदी नाही. तुम्ही म्हणालात, "माझं तुम्ही खा, कंपनीचं मी खाते. पण शेजारी बसून." तेव्हा मी डब्याचा नाद सोडला. एवढ्यासाठी ही बाई बोटीत बसायला निघाली आहे, असं तेव्हा मला वाटलं.

आता वाटतं, मला सगळं उलटंच कळलं की काय.

चैत्रात आपण बंदरावर गेलो, आठवतं ना? बोट कशी असते ती आधी जवळून बघून यावी, असं मीच म्हटलं होतं. घोडं घ्यायच्या आधी बघतात तसं. तुम्ही नवीन लुगडं नेसून आला होतात, जसं काही त्याच दिवशी निघायचं आहे. दुपार होती. बोट लांब उभी राहिली आणि माणसं, ट्रंका, आंब्याच्या पेट्या घेऊन पडावाची होडी तिच्याकडे निघाली. एक बाई तान्हं मूल घेऊन चढत होती. आधी मूल वर दिलं, मग बाई वर गेली. तुम्ही बोट बघितलीच नाहीत. त्या बाईकडे बघत बसलात.

तुम्ही शेंगदाण्याची पुडी घेतलीत, मला दिलीत, मी खाल्ले. मग मी एक पुडी घेतली आणि मुद्दाम तुमच्यापुढे धरली. तुम्ही पुडीकडे बघितलंत, माझ्याकडे बघितलंत. बंदर कुणाचं, म्हणून विचारलंत. सरकारचं, म्हटलं. भाजलेलं आहे, पाण्यात शिजलेलं नाही, असं तुम्ही स्वतःशीच म्हणालात आणि एक दाणा उचललात. मग दुसरा. मग पुडी माझ्या हातातून घेतलीत आणि मला फक्त टरफलं ठेवलीत.

तुम्ही खात होतात आणि मी बघत होते. दुसरं काही झालं नाही. पण बोटीचा विचार केला की मला तेवढंच आठवतं.

निघताना तुम्ही तिकिटाच्या खिडकीपाशी गेलात. मी मागे होते, पण कान चांगले आहेत माझे. तुम्ही त्या माणसाला विचारलंत, "मुंबईपर्यंत तीन माणसांना लोअर डेकला जागा मिळेल ना?"

मी म्हटलं, तीन कोण?

"दोन. चुकले. मला मोजायला कुठे येतं?"

तुम्हाला मोजायला येत नाही! दर मोसमाला डझनावर हापूस मोजून पेट्या भरणारी बाई तुम्ही. व्यापाऱ्याने एक फळ इकडचं तिकडे केलं तर त्याची सात पिढ्यांची कहाणी सांगायचात. मला तेव्हाच कळायला हवं होतं. कळलं नाही, की कळून घ्यायचं नव्हतं, हेही आता सांगता येत नाही.

वैशाखात जाऊ, म्हणालात. मी म्हटलं, आंबे आटपू देत. आंबे आटपले तेव्हा म्हटलं, गोठा शाकारून होऊ दे, लाकडं आत येऊ देत. मग बोटी बंद झाल्या. पावसाळ्यात बोटी बंद असतात, हे आपल्या दोघींना पाळण्यापासून ठाऊक आहे. तुम्ही रागावला नाहीत. पाऊस सरला की पहिल्या बोटीने, एवढंच म्हणालात.

श्रावणात तुम्ही दोन तवशी काकड्या आणि एक भोपळा घेऊन आलात. अंगात कणकण घेऊनच आला होतात, पण सांगितलं नाहीत. दुपारी परत जायला निघालात तर खाडीला उधाण, तरीची होडी बंद. तुम्ही धक्क्यावरून परत आलात आणि माझ्या पडवीत आडव्या झालात. नऊ वर्षांत पहिल्यांदा माझ्या घरी राहिलात, तेही खाडीने अडवलं म्हणून.

ताप चढत गेला. डॉक्टर आले, छातीत कफ भरलाय म्हणाले, दवाखान्यात हलवा म्हणाले. तुम्ही म्हणालात, हलवायचं तर माझ्या घरी हलवा. घरी जायला होडी नव्हती. डॉक्टरांनी सुया दिल्या, गोळ्या दिल्या. रोज दोन वेळा पार्वती तिच्या घरून पेज आणायची, तिच्या घरचं पाणी तांब्यात भरून तुमच्या उशाशी ठेवायची. माझ्या विहिरीचं पाणी तुम्ही कपाळावर पट्टी ठेवायला चालवून घेतलंत. अंगाला चालतं, घशाला चालत नाही. मी त्यावरही भांडले. आजारी माणसाला कसली रीत, म्हटलं. तुम्ही म्हणालात, रीत काय बऱ्या माणसासाठी असते? बरं माणूस पळून जाऊ शकतं.

ह्या बोलण्याचा अर्थ मला अजून लागलेला नाही.

पाचव्या दिवशी सकाळी पार्वतीच्या पुतण्याच्या बायकोला मुलगा झाला. तिच्या घरी सोयर आलं, म्हणजे त्या घरचं खाणंपिणं बंद. तुम्हाला सांगितलं तर म्हणालात, "होऊंदे बापडीला." सुनंदाला मी औषध आणायला बाजारात पाठवलं आणि येताना वरच्या शेजाऱ्यांच्या घरून पेज-पाणी घेऊन ये म्हटलं. ती गेली. घरात आपण दोघी. उशाशी पार्वतीचा तांब्या होता, रिकामा.

मी चुलीवर माझ्यापुरती पेज ठेवली होती. ती उतरून बाहेर आले तर तुमचे ओठ कोरडे पडलेले. मी माझ्या घरचा तांब्या घेऊन उभी राहिले. तुम्ही डोळे मिटून होतात.

"फार हलते," म्हणालात.

"काय हलतं?"

"बोट."

मला खोटं बोलता येतं, पण लगेच येत नाही.

"सुटली ना?"

"सुटली," म्हटलं.

"कुठवर आली?"

"विजयदुर्ग मागे पडला."

तुम्ही डोळे उघडले नाहीत. "म्हणजे गोव्याची. तुमचंच खरं केलंत."

"हो."

"आणि बेबी?"

बेबी म्हणजे सुनंदा. तुम्ही तिला तिच्या माहेरच्या नावाने हाक मारायचात. आणि मी काय म्हटलं? म्हटलं, "ती घरी आहे. गुरं कोण बघणार?"

विहीणबाई, ह्याचं मला रोज नवल वाटतं. खोटंच सांगायचं होतं, तर मुंबईची बोट सांगायला माझं काय जात होतं? बेबी इथेच बसलीय तुमच्या पायाशी, नवऱ्याकडे निघालीय, असं सांगितलं असतं तर माझा कुठला गोठा ओस पडणार होता? खोट्यातसुद्धा मी तिला घरीच ठेवली. इतकी माझ्या अंगात ती मुरली होती, मालकी.

तुम्ही ओठांवरून जीभ फिरवलीत. मग म्हणालात, "बरं. मग द्या पाणी."

मी तुमचं डोकं मांडीवर घेतलं आणि पाणी पाजलं. तुम्ही प्यायलात. मग वाटीत पेज आणली. चमच्याने भरवली. चार-पाच चमचे घेतलेत. शेवटचा घोट गिळून तुम्ही तोंड वाकडं केलंत, थेट तुमच्या सुनेच्या स्वयंपाकाला नावं ठेवताना करायचात तसं, आणि म्हणालात, "मीठ कमी आहे, विहीणबाई."

मग कुशीवर वळलात.

सुनंदा वरच्या घरची पेज घेऊन आली तेव्हा तुम्ही नको म्हणालात. मीही काही बोलले नाही. वाटी मी आधीच धुऊन ठेवली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही गेलात.

तेव्हापासून सुनंदा एकच धरून बसलीय. आये उपाशी गेली. जो भेटायला येतो त्याला सांगते, आये शेवटच्या दिवशी काही खाऊन गेली नाही. काल तुमच्या तेराव्यालाही पान पुढ्यात घेऊन तेच म्हणाली आणि उठली. मी तिच्या शेजारीच बसले होते. माझ्या तोंडात तुमच्या घरचा वडा होता. सांगावं तर तुमची नऊ वर्षांची रीत मी तुम्हाला फसवून मोडली, हे सांगावं लागतं. न सांगावं तर ती पोर जन्मभर आई उपाशी गेली म्हणत बसणार. तुम्ही मला ह्यात कुठे आणून ठेवलंत?

जेवणं झाल्यावर तुमच्या सुनेने माळ्यावरून एक ट्रंक उतरवली. म्हणाली, ही आत्यांनी बोटीसाठी भरून ठेवली होती, तुम्ही घेऊन जा. आम्ही ती तिथेच उघडली. मला वाटलं, लुगडी असतील. आत दोन ताटं, दोन वाट्या, दोन पेले, एक पातेलं, एक पळी, उकड्या तांदळाची पुरचुंडी आणि झाकण घट्ट लावलेली मिठाची बरणी. सगळं घासून पुसून, जुन्या लुगड्याच्या चिंध्यांत गुंडाळलेलं.

मी ती ताटं हातात घेऊन बसले. दोन ताटं म्हणजे कुणाची? आपण दोघी, तुम्ही आणि मी. कंपनीच्या ताटात जेवायचं तुमच्या जिवावर आलं असेल, म्हणून घेतलीत. हे पटतं. पण मग पातेलं कशाला? बोटीवर चूल मांडायला कोण देणार होतं? आणि दोन ताटं जर बेबीची आणि जावयाची असतील, तर आपण कशात जेवणार होतो? म्हणजे आपण जेवणार नव्हतोच का? ते एका पंगतीचं, शेजारी बसून जेवायचं, ते सगळं मला बोटीत बसवायला होतं? तसं असेल तर मला राग यायला हवा. मी काल रात्रीपासून वाट बघतेय, येत नाही. तुम्हाला दोन्ही हवं असेल काय? लेकही पोचवायची आणि माझ्याबरोबर जेवायचंही? माणसाला एका बोटीतून दोन ठिकाणी जाता येतं काय?

मुलगा तेराव्याला आला होता. त्याला ओटीवर बोलावून विचारलं, खोलीवर तुझी ताटं किती? तो गोंधळला. एक आहे, म्हणाला. का विचारतेस? म्हटलं, सहज.

आज सकाळी गुरं मी सोडली. गोठ्यापर्यंत जायला गुडघ्यांनी त्रास दिला, पण गेले. दूध कमी निघालं, निघू दे. पार्वतीचा नातू थोरला आहे, त्याची आई म्हणाली की गुरांचं आम्ही बघू, दूध निम्मं द्या. हे दोन वर्षांपूर्वीही ती म्हणालीच असती. मी विचारलं नव्हतं.

तेव्हा असं ठरवलंय. पाऊस सरला की पहिल्या बोटीने जायचं, मुंबईची, लोअर डेक. तिथे तुमचं खरं. तिकिटं दोन, मी आणि सुनंदा. येताना मी एकटी. ट्रंक तिच्याबरोबर जाईल, कारण इथे ठेवून तिला गंज चढेल. मी काही तुमच्यासाठी जात नाही, ट्रंक पोचवायला कुणीतरी हवं.

डबा घरून घेईन. चटई पसरून दोघी बसू. बोट सुटली, बंदर मागे पडलं, म्हणजे सुनंदाला सांगेन की तुझी आये उपाशी गेली नाही. तिने विचारलं, कुणाच्या घरचं खाल्लं, तर काय सांगू ते मात्र मला अजून ठरवता येत नाही. बोटीवरचं, म्हणेन? की आपल्या घरचं?

म्हणून तुम्हालाच विचारते, कारण दुसऱ्या कुणाला ठाऊक नाही. मीठ कमी आहे, असं जे तुम्ही म्हणालात, ते कुणाला म्हणालात? बोटीवर शेजारी बसलेल्या विहिणीला, कंपनीच्या पेजेबद्दल? की पेज करणाऱ्या विहिणीला, तोंडावर? कारण पेज मीच केली होती, विहीणबाई, आणि मीठ खरंच कमी होतं.